वाळूवरचा जिवंत थर

पाणी गाळून प्यावे, हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. हंड्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यात काडीकचरा अडतो. सुटा जंतू मात्र सहज पार होतो. वाळूची गत तरी काय निराळी? बारीक वाळूच्या कणांमधल्या फटीसुद्धा पटकीच्या जंतूपेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या असतात. तरीही वाळूतून संथपणे झिरपलेल्या पाण्याने एकोणिसाव्या शतकात शहरेच्या शहरे वाचवली. हे कसे, या कुतूहलापोटी मी या विषयाकडे वळलो.

१८२९ साली जेम्स सिम्पसन याने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूचा मोठा गाळा बांधला, तेव्हा रोगजंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. थेम्सचे गढूळ पाणी नितळ दिसावे, एवढाच हेतू. त्या नितळपणामागे आणखी काही घडत होते, याचा पुरावा मिळायला १८९२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीने सुमारे ८,६०० माणसे दगावली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळताच पीत होते. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे पाणी घेई, तेही प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतर! पण ते वाळूतून गाळलेले असे. दोन्ही शहरांच्या शिवेवरच्या एका रस्त्यावर हॅम्बुर्गच्या बाजूच्या घरांत पटकी होती, समोरच्या आल्टोनाच्या बाजूला नव्हती. हवा तीच, माती तीच. फरक फक्त नळाच्या पाण्याचा. पटकीला जमीन कारणीभूत मानणाऱ्या पेटेनकोफरच्या मताला हा मोठा धक्का होता.

आता या गाळ्याच्या आत डोकावू. टाकीत तळाशी खडी, तिच्यावर साधारण मीटरभर बारीक वाळू आणि वर तितकेच उभे पाणी. पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर इतक्याच वेगाने खाली उतरते. दोन-तीन आठवड्यांत वाळूच्या माथ्यावर शेवाळ, जिवाणू आणि आदिजीव यांचा बुळबुळीत थर धरतो. जर्मन भाषेत त्याला ‘श्मुट्झडेके’, म्हणजे मळाचे पांघरूण म्हणतात. खरे काम इथे चालते. आदिजीव जिवाणूंना खातात, उपयोगी जिवाणू पाण्यातला सेंद्रिय मळ पचवतात, आणि त्यातूनही निसटलेले जंतू खालच्या वाळूच्या चिकट कणांना बिलगतात व उपासमारीने मरतात. म्हणून हा गाळा चाळणीपेक्षा शेतासारखा आहे. त्याला प्राणवायू लागतो, अखंड वाहते पाणी लागते. पाणी फार वेळ बंद राहिले तर थर गुदमरतो. थर दाटून पाणी तुंबले की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडतात. मात्र थर पुन्हा धरेपर्यंत गाळलेले पाणी वाया जाऊ द्यावे लागते.

ही शिस्त मोडली की काय होते, तेही आल्टोनानेच दाखवले. १८९३च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात तिथेही पटकी उद्भवली. रॉबर्ट कॉखने तिचे मूळ गाळ्यांतच शोधले : साफसफाईच्या वेळी कडाक्याच्या थंडीने वाळूचा माथा गोठला होता आणि गाळप बिघडले होते. गाळपाचा वेग तासाला १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा आणि गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये १०० पेक्षा अधिक जंतू आढळू नयेत, अशा मर्यादा त्याने सुचवल्या. गाळ्याच्या पाण्याची नियमित जंतुतपासणी तिथून रूढ होत गेली.

आपल्याकडे १९७०च्या दशकात नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने ग्रामीण पुरवठ्यासाठी या पद्धतीवर संशोधन केले. तिला तुरटी लागत नाही, यंत्रेही फारशी लागत नाहीत. जागा मात्र भरपूर लागते. पावसाळ्यातले लाल गढूळ पाणी थेट सोडले तर थर लवकरच चोंदतो, म्हणून ते आधी निवळून घ्यावे लागते. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड आणि क्षार तिच्या आवाक्याबाहेरचे. नळापर्यंतच्या वाटेवरच्या प्रदूषणासाठी थोडे क्लोरीनही हवेच.

माझ्या मते या योजनांचे भवितव्य वाळूपेक्षा ती राखणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. खरवडलेला गाळा दोन दिवस आधी सुरू करा म्हणून गावाने तगादा लावला, तर त्याला नाही म्हणता आले पाहिजे. त्यासाठी त्याला पगार हवा, शिक्षण हवे आणि गावाचा पाठिंबा हवा. टाकी बांधतानाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात या तिन्ही गोष्टींना जागा ठेवायला हवी.