लिनक्स शिकताना पहिले पुस्तक कोणते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरोघरचे आणि दुकानांतले अनेक धडधाकट संगणक अधांतरी राहिले. त्यांना भंगारात काढण्याऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवणे हा बिनखर्चाचा पर्याय आहे. पण तो निवडणारा नवशिका पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात माघार घेतो. याला बहुधा कारणीभूत ठरते ते चुकीचे पुस्तक.

सर्वांत जाड ग्रंथ सर्वांत उपयुक्त, ही समजूत येथे घातक ठरते. असे ग्रंथ बहुतेक सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांसाठी लिहिलेले असतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळणारी, मागे डीव्हीडी चिकटवलेली पुस्तके तर टाळलेलीच बरी. त्या डीव्हीडीवरील प्रणालीला सुरक्षा सुधारणा मिळणे केव्हाच बंद झालेले असते.

अर्थात जुने म्हणजे सारेच निकामी नव्हे. लिनक्सचा जन्म १९९१ चा. तरी ‘एलएस’, ‘सीपी’, ‘ग्रेप’ या आज्ञा त्याहून जुन्या, १९७० च्या दशकातील युनिक्सच्या, आणि आजही तशाच चालतात. बदलली ती व्यवस्थेची यंत्रणा. डेबियन आणि उबुंटू यांनी २०१५ मध्ये ‘सिस्टमडी’ स्वीकारले. नेटवर्कसाठी ‘आयएफकॉन्फिग’च्या जागी ‘आयपी’ ही आज्ञा रूढ झाली. म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी शेवटची सूची उघडावी. तिथे ‘सिस्टमसीटीएल’ हा शब्दच नसेल, तर पुस्तक परत फळीवर ठेवावे.

विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ हे पाचशेच्या आसपास पानांचे इंग्रजी पुस्तक नवशिक्यासाठी सोयीचे आहे. लेखकाने त्याची पीडीएफ आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध ठेवली आहे. त्याचे मोल कळते ते फाइल पुसण्याच्या ‘आरएम’ या आज्ञेपाशी. टर्मिनलमध्ये या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही; ती गेली की गेली. तारांकनाला जोडून ‘.एचटीएमएल’ लिहिले तर त्या प्रकारच्याच फाइली पुसल्या जातात. मध्ये चुकून एक मोकळी जागा सुटली, तर त्या फोल्डरमधील सगळ्याच साध्या फाइली नाहीशा होतात. वर्षाचे हिशेब किंवा लग्नाची छायाचित्रे त्यातच असली तर? शॉट्स हा धोका सुरुवातीच्याच प्रकरणांत दाखवतात आणि तोडगाही देतात: तोच नमुना आधी ‘एलएस’ला द्यावा, यादी डोळ्यांखाली घालावी, मगच ‘आरएम’ चालवावे. वाचकाच्या हातून काय चुकू शकते हे आधीच ओळखणारा लेखक पहिल्या पुस्तकासाठी हवा.

पुस्तकाचा पहिला भाग पुरता गिरवला, की दैनंदिन कामाची सोय होते. शेल स्क्रिप्टचा शेवटचा भाग कित्येक महिने उघडला नाही तरी बिघडत नाही. संगणक सुरू होताना आत काय घडते, याची जिज्ञासा जागी झाल्यावर ब्रायन वॉर्ड यांचे ‘हाउ लिनक्स वर्क्स’ घ्यावे; त्याची २०२१ मधील तिसरी आवृत्तीच पाहावी.

इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आहेत. सराव मात्र पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या ‘लाइव्ह’ प्रणालीवर सुरू करावा. मूळ डिस्क न उघडता केलेल्या चुका संगणक बंद केला की पुसल्या जातात.