काम थांबवायचे कोणी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा आणि शेजारच्या सिंदखेड राजा तालुक्यात कामाची जागा म्हटली की कारखान्याआधी शेडनेट डोळ्यांपुढे येते. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे उत्पादन हा या पट्ट्याचा मोठा रोजगार आहे. जाळीखाली वाकलेल्या बायका टोमॅटोची कळी चिमट्याने अलगद उघडतात, आतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी त्याच फुलावर नराचे परागकण लावतात आणि खूण म्हणून फुलाचे निदल कातरतात. कळ्या उघडण्याचे काम बहुधा दुपारनंतर चालते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात त्याही दुपारनंतरच.

इथला सर्वांत घातक गैरसमज याच जाळीखाली ऐकू येतो: ‘लोखंडी पाइपांचा सांगाडा आहे, वीज पडलीच तर जमिनीत उतरेल.’ बंद मोटारगाडीत माणूस वाचतो, कारण पत्र्याचे कवच त्याला चोहोबाजूंनी वेढून असते आणि वीज बाहेरच्या बाहेर वाहून जाते. शेडनेटला असे कवच नाही. दूरदूर रोवलेले खांब आणि वर प्लॅस्टिकची जाळी, एवढाच त्याचा आडोसा. शिवाय वेलींना आधार द्यायला ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ताणलेल्या असतात. एका टोकाला पडलेली वीज या तारांवरून दुसऱ्या टोकाच्या मजुरापर्यंत पोहोचू शकते. ओल्या जमिनीतून पसरणारा प्रवाह तर खांबाला हात न लावताही दोन पायांमधून शरीरात शिरतो. चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडबद्दलही हेच. सुरक्षित जागा म्हणजे पक्के, बंद घर किंवा चहूबाजूंनी काचा लावलेली टपाची गाडी. झाडाखाली तर जाऊच नये.

‘मोबाइल वीज ओढतो’ हा समज मात्र निराधार आहे. उलट त्याच मोबाइलवरचे ‘दामिनी’ ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरातल्या विजांचा इशारा देते. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केले आहे. ॲप नसले तरी कान आहेत. गडगडाट ऐकू आला, म्हणजे तो ढग आपल्यापर्यंत वीज टाकू शकेल इतका जवळ आहे. तेव्हाच काम सोडायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचे नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरतो, हाही भ्रमच. त्याला हात लावता येतो आणि लावलाच पाहिजे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करायचे आणि त्याच वेळी कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावायचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ जण दगावले.

‘आपत्ती काय सांगून येते?’ पुष्कळदा येते. विदर्भासाठी नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार पिवळे, नारिंगी, लाल इशारे देते, आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही प्रसिद्ध होतो. अडचण वेगळीच आहे. इशारा मालकाच्या फोनवर येतो, मालक तालुक्याला गेलेला असतो, आणि ‘चला, हात धुवा, बाहेर पडा’ म्हणायचा अधिकार शेतावर कोणालाच दिलेला नसतो. मुकादमाला रोज बुडण्याची धास्ती आणि मजूर बाईला उद्या न बोलावले जाण्याची. म्हणून कामाच्या जागेची तयारी ढगांकडे पाहून होत नाही, ती आधीच ठरवावी लागते: गडगडाट झाला की काम कोण थांबवणार, माणसे कुठे जाणार आणि त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही. यातले शेवटचे ठरल्याशिवाय पहिली दोन पाळली जात नाहीत.

उन्हाबद्दलचे समज जुने आहेत. ‘आपल्याला उन्हाची सवय आहे’ आणि ‘खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही.’ खिशातला कांदा शरीराचे तापमान उतरवू शकत नाही. सवय खरी असते, पण ती अंगात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि नव्याने कामावर आलेल्याला ती नसतेच. पाऱ्याचा आकडाही सगळे सांगत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता, पण हवा दमट होती आणि माणसे तासन्‌तास उन्हात बसली होती. शेडनेटमध्ये थेट ऊन कमी लागते, पण वारा अडतो आणि दमटपणा वाढतो, त्यामुळे घाम वाळत नाही. एखादी बाई असंबद्ध बोलू लागली किंवा तोल जाऊ लागली तर ते ‘चक्कर’ म्हणून सोडून देऊ नये. सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

समुद्रापासून लांब आहोत म्हणून वादळाची भीती नाही, हेही खरे नाही. १३ मे २०२४ च्या वादळी वाऱ्यात मुंबईतल्या घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर १२० फूट रुंद, १२० फूट उंच होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तसा वारा चक्रीवादळाशिवाय, साध्या गडगडाटी ढगातूनही सुटतो, आणि असे ढग बुलढाण्यावर दर वर्षी येतात. बाजारपेठेतल्या दुकानांवरचे फलक, गच्चीवरच्या टाक्या आणि जिनिंगचे पत्रे यांचे नटबोल्ट मे महिन्याआधी तपासावेत, ते याचसाठी. भूकंपाची भीती नाही, हा समजही तसाच. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा परिसर तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली.

राहता राहिला विमा. ‘दुकानाचा विमा म्हणजे आगीचा विमा’ असे समजून अनेक जण पावसाच्या नुकसानीचा दावाच करत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात आगीबरोबर वीज, वादळ, पूर आणि भूकंपही येतात. पंतप्रधान पीक विमा योजना मात्र पिकासाठी आहे. वाकलेले पाइप आणि फाटलेली जाळी तिच्यात येत नाही, त्यामुळे सांगाड्याचा विमा वेगळा विचारून, लेखी घ्यावा लागतो. पिकाच्या स्थानिक नुकसानीचे संरक्षण लागू असेल, तर त्याची खबर ७२ तासांत देणे या योजनेत बंधनकारक आहे. सांगाडा, पंप, बियाण्याची पोती यांचे फोटो धडधाकट असतानाच काढून, खरेदीच्या बिलांसह घरापासून दूर कोणाकडे तरी ठेवले तर पंचनाम्याच्या वेळी दाखवायला काही हाताशी राहते.