ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहताना

गेल्या वर्षीची गोष्ट. साठीला टेकलेल्या एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. पाळी बंद होऊन आठ वर्षे झाली होती आणि दोन-तीन महिन्यांपासून मधूनमधून अंगावरून लाल जात होते. उष्णता झाली असेल म्हणून त्यांनी सब्जाचे पाणी पिऊन पाहिले होते. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. सोनोग्राफीत गर्भपिशवीचे अस्तर जाड दिसले, तुकडा काढून तपासणीस गेला आणि रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग.

रिपोर्ट मुलाच्या हातात पडला. तो थेट माझ्याकडे आला. "डॉक्टर, आईला सांगू नका. ती खचेल." मी मान डोलावली. बाईंना आम्ही सांगितले की पिशवीला साधी गाठ आहे, काढून टाकू. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

दहा दिवसांनी, दवाखाना बंद करायच्या वेळी बाई एकट्याच आल्या. "डॉक्टरसाहेब, मला कॅन्सर आहे ना?"

मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "मी खोलीत गेले की सगळे गप्प होतात. सून हातातलं काम ओढून घेते. लेक फोनवर बोलता बोलता रडते. साध्या गाठीला कोणी असं वागतं का? कॅन्सर आहे हे मला कळलंच होतं. पण कुणाशी बोलायची चोरी झाली, ते जास्त जड गेलं." दहा रात्री त्या धड झोपल्या नव्हत्या.

चूक माझी होती. रोग्याला सांभाळायचे म्हणून आपण त्याला एकटे पाडतो. ऑपरेशन शल्यचिकित्सक करतात, पण निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंतचे दिवस बाईला आणि घराला काढायचे असतात. ते कसे काढावेत, याविषयी आज लिहीत आहे.

आधी रोग समजून घ्या

पिशवीचा कॅन्सर म्हटले की गावातली कोणीतरी बाई आठवते आणि तिचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे येतात. पण पिशवीच्या तोंडाचा कर्करोग वेगळा आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा वेगळा. दोन्हींची कारणे आणि उपचार निराळे आहेत. म्हणून दुसरीच्या दुखण्यावरून आपले भविष्य ठरवू नका. आपला कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. रक्तस्राव होत असल्याने तो पुष्कळदा लवकर उघडकीस येतो. रोग पिशवीपुरताच असताना सापडला आणि नीट उपचार झाले, तर पाच वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदच्या आसपास स्त्रिया हयात असतात. अर्थात प्रत्येकीचे सारखे नसते. रोग कुठवर गेला आहे हे ऑपरेशननंतर काढलेल्या भागाची तपासणी झाल्यावरच पक्के कळते. पण निदान म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे, एवढे मनात पक्के ठेवा.

"रोग वाढतोय आणि मी घरी बसलेय"

ही भीती प्रत्येकीला वाटते. हा रोग बहुतेक वेळा सावकाश वाढणारा असतो आणि तयारीसाठी लागणाऱ्या दोन-चार आठवड्यांनी सहसा बिघडत नाही. या काळात स्कॅन होतो, रक्त आणि हृदयाची तपासणी होते, भूलतज्ज्ञ पाहतात. या रोगाच्या अनेक स्त्रियांना मधुमेह आणि रक्तदाब असतो, अंगावरून जाऊन रक्तही कमी झालेले असते. ते सुधारून घेतले की ऑपरेशनचा धोका कमी होतो. तेव्हा हे दिवस वाया जात नाहीत.

मात्र मिळालेली तारीख आपण होऊन पुढे ढकलू नका. मुलीचे लग्न, दिवाळी, सुगी या कारणांनी महिनेच्या महिने घालविणे महागात पडते. आणि रक्तस्राव फार वाढला, घाण वास येऊ लागला, ताप किंवा पोटात जोराची कळ आली, तर तारखेची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा.

मनात काय काय येते

पहिले काही दिवस सुन्न वाटते. मग राग येतो, रडू येते. दिवस कामात जातो, पण रात्री दिवा मालवला की छाती धडधडते, घाम फुटतो. हे वेड लागल्याचे किंवा मन दुबळे असल्याचे लक्षण नाही. जिवाला धोका वाटला की शरीर असे सावध होतेच.

"माझ्या हातून काय पाप घडलं?" हा प्रश्न मला फार स्त्रिया विचारतात. काहीही नाही. शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम अस्तरावर दीर्घकाळ एकतर्फी होत राहणे हे या रोगाचे मोठे कारण. स्थूलपणा आणि मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त आढळतो, काही घराण्यांत आनुवंशिक असतो. तो कुणाच्या नजरेने होत नाही, आणि एकीचा दुसरीला लागतही नाही. भांडी वेगळी ठेवण्याची गरज नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

दुसरी भीती बोलली जात नाही. पिशवी गेली की बाईपण जाते, नवरा दूर होतो, असे वाटते. पिशवीत मूल वाढते, बाईपण तिथे नसते. जखम भरून डॉक्टरांनी परवानगी दिली की पती-पत्नीचे संबंध पूर्ववत ठेवता येतात. त्रास वाटल्यास त्यावर उपाय आहेत. हे विचारण्यात लाज कसली? पाळी चालू असेल, तर पिशवीबरोबर अंडाशयेही काढणार का आणि त्याचे परिणाम काय, हे आधीच विचारा. वय कमी असून मूल हवे असेल, तर तेही ऑपरेशनपूर्वीच सांगा. अगदी सुरुवातीच्या, निवडक रुग्णांत गोळ्यांचा मार्ग काही काळ वापरता येतो. ते तज्ज्ञच ठरवतील.

रोज काय करावे

एक वही करा. सुचेल तो प्रश्न लिहून ठेवा: ऑपरेशन दुर्बिणीतून की पोट उघडून, किती दिवस राहावे लागेल, पुढे किरणोपचार लागतील का. डॉक्टरांपुढे गेल्यावर सगळे विसरते, वही विसरत नाही.

काळजी करू नका, असे मी कधीच सांगत नाही. काळजी जरूर करा, पण वेळ ठरवून. दुपारी पंधरा मिनिटे बसून मनातले सगळे कागदावर काढा. रात्री तेच विचार आले तर मनाला सांगा, उद्या दुपारी बघू. आठवडाभर केले की फरक जाणवतो. झोपताना सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज सकाळी थोडे चाला. मिश्री आणि तंबाखू आजच बंद करा. भूल आणि जखम या दोन्हींना ती वाईट.

चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारा. कुणी काढा, चूर्ण दिले असेल तर तेही सांगा. काहींनी साखर आणि रक्त गोठणे यांवर परिणाम होतो.

खर्चाच्या चिंतेनेही झोप उडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हे काम मुलाने किंवा जावयाने पहिल्याच आठवड्यात उरकावे.

घरच्यांसाठी

रोग्याला त्याचा रोग सांगा. किती सांगायचे हे तिच्या प्रश्नांवरून ठरवा, पण खोटे बोलू नका. "काही होत नाही गं" म्हणून तिचे तोंड बंद करू नका. ती रडली तर रडू द्या, जवळ बसा. तिच्या हातचे सगळे काम काढून घेऊ नका. जड उचलणे तुम्ही करा, पण भाजीला फोडणी तिला घालू द्या. भेटायला येणारे नाना गोष्टी सांगतात. त्यांना उत्तरे द्यायला घरातला एकच माणूस नेमा. आणि नवऱ्याने तपासणीला बरोबर जावे. बाहेर गाडीजवळ थांबू नये, आत यावे.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, दिवसभर रडू येते, असे असेल तर औषधाची आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतूनही. जगणे नको वाटते असे बाई एकदा जरी म्हणाली, तरी ते थट्टेवारी नेऊ नका. तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

त्या संध्याकाळी मी बाईंना सगळे खरे सांगितले. त्या पदर तोंडाला लावून थोडा वेळ रडल्या. मग डोळे पुसून विचारले, "ऑपरेशनला किती तास लागतात?" आम्ही तासभर बोललो. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. आई रात्री झोपली, एवढेच तो म्हणाला.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झाले. रोग पिशवीपुरताच होता. आता त्या साखर तपासायला माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मुलगा बरोबर होता. त्याच्यादेखत मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यापुढे माझा रिपोर्ट आधी माझ्या हातात द्यायचा."

तेव्हापासून तपासणीला पाठवतानाच मी रोग्याला विचारून ठेवतो, "रिपोर्ट आला की तुम्हाला एकट्यांना सांगू, की घरचे कुणी बरोबर हवे?" आजवर एकीनेही "मला सांगूच नका" असे उत्तर दिलेले नाही.