कुंचल्याचं टोक का फाकतं?

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्रीभवानी संग्रहालय तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं. तिथल्या लघुचित्रांपुढे उभं राहिलं की नजर पापण्यांवर, दागिन्यांतल्या मोत्यांवर अडते. इतकी बारीक रेघ खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यातून उमटायची!

कुंचला पाण्यात बुडवून पाहा. आत केस सैल फुलतात. बाहेर काढताच मिटून टोक होतं. न्हाल्यावर डोक्याचे केस चिकटतात, तसंच. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि केसांना आवळून धरतो.

मग टोक फाकतं कशाने? बिघाड होतो केसांच्या मुळाशी. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसा रंग केसांमधून वर चढतो. केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या नळीत तो वाळला की पाचरीसारखा केसांना फाकवतो. डिंकातला जुन्या पद्धतीचा रंग पाण्याने पुन्हा सुटतो. अ‍ॅक्रिलिक मात्र वाळल्यावर प्लॅस्टिकच होतं. म्हणून सांगलीत अ‍ॅक्रिलिकने गणपतीचे डोळे आखणाऱ्यांनी तर काम चालू असतानाच कुंचला विसळत राहावा.

शेवटी साबणाच्या फेसात तळहातावर हलकेच फिरवावा. गरम पाणी नको, त्याने नळीतला गोंद सैल होतो. ओल्या केसांना बोटांनी टोक देऊन कुंचला आडवा वाळवावा. उभा ठेवला तर पाणी नळीत उतरतं.