पत्ता ठाऊक नाही? धाडा बडनेऱ्याला!

अमरावतीच्या जुन्या स्टेशनातून मुंबईला जा की नागपूरला, गाडी आधी बडनेरा गाठते. राऊटरचंही असंच एक बडनेरा असतं. ज्याचा पत्ता यादीत नाही, ते पॅकेट तिकडे रवाना. त्याचं नाव डिफॉल्ट रूट, लिहायचं ०.०.०.०/०.

अकोला मात्र जंक्शन. भुसावळ, बडनेरा, पूर्णा, जिकडे म्हणाल तिकडे रूळ. गावातल्या नेटवाल्याने दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या की त्याचंही अकोला होतं. दोन्ही कंपन्या बीजीपीवरून, म्हणजे राऊटरांच्या रस्ते सांगायच्या भाषेतून, सांगतात, ‘सगळं माझ्याकडे दे.’ ऐकायचं कुणाचं? ते ठरवतो लोकल प्रेफरन्स. सहसा तो १०० असतो. आवडत्या लाइनच्या डिफॉल्टला २०० द्या, दुसरी झाली स्टेपनी. मोठा आकडा जिंकतो. पण थांबा राजेहो, याच बीजीपीत ‘मेड’ नावाचा आकडा आहे, तिथे लहान जिंकतो! सिस्कोच्या राऊटरवर तर ‘वेट’ या दोघांच्याही आधी पाहतात, आणि तो शेजारच्या राऊटरलासुद्धा कळत नाही. लोकल प्रेफरन्स निदान घरभर फिरतो, वेशीबाहेर मात्र जात नाही.

त्यामुळे जाणारी गाडी तुमच्या मर्जीची, येणारी जगाच्या. नको त्या लाइनने डाउनलोड येऊ नये म्हणून नेटवाले तिच्यावर स्वतःचाच एएस नंबर, म्हणजे आपल्या नेटवर्कचा क्रमांक, दोन-तीनदा लिहून रस्ता लांब दाखवतात. थोडक्यात, ‘इकडून फार फेरा पडते भाऊ.’ कुणी ऐकतं, कुणी नाही.

२०० काय, २००० द्या. नेमक्या पत्त्यापुढे डिफॉल्ट हरतोच. नेमकेपणाची ही ताकद २४ फेब्रुवारी २००८ ला दिसली. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब आपल्या देशापुरतं अडवायचं होतं. यूट्यूबचा पत्ता होता /२२; यांनी जाहीर केला त्यातलाच अधिक नेमका /२४. तो बाहेर निसटला आणि जगभरचं यूट्यूब त्यांच्या दारात येऊन बुडालं.

असा हा बीजीपी १९८९ मध्ये जेवणाच्या टेबलावर, कागदी नॅपकिनांवर आखला गेला. आपल्याकडे पानठेल्यावर सिगारेटच्या पाकिटावर शेताचा नकाशा काढतात, तसा.

आता जेसीबी. त्याने दूर कुठे केबल तोडली, तर सिस्कोचा राऊटर नेहमीच्या सेटिंगवर १८० सेकंद गप्प शेजाऱ्याची वाट पाहतो. तोवर पॅकेटं खड्ड्यात. शेजारी जिवंत आहे का हे सतत तपासणारं बीएफडी लावलं तर हाच निकाल सेकंदाच्या आत लागतो. त्याहून वाईट म्हणजे कंपनीचा अकोल्यातला राऊटर शाबूत आणि त्याच्यापुढची लाइन तुटलेली. तो आपला इमानेइतबारे सांगत राहतो, ‘सगळं माझ्याकडे दे.’ २०० चा आकडा जागच्या जागी, स्टेपनी निवांत, आणि नेटवाल्याचा फोन थांबत नाही:

‘नेट काहून बंद आये, भाऊ?’