कार्यस्थळावरील बाग आणि कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य : एक विवेचन

प्रस्तावना :
बहुतेक महाविद्यालयांच्या आवारात बाग असते. परंतु तिचा विचार प्रामुख्याने परिसराची शोभा म्हणून केला जातो. मूल्यांकन समिती येण्यापूर्वी कुंड्या रंगविल्या जातात आणि हिरवळीभोवती तारेचे कुंपण घातले जाते. तेथे काम करणाऱ्या प्राध्यापकांना व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना त्या बागेचा काही उपयोग होतो का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात निसर्गसान्निध्य व मानसिक स्वास्थ्य यांच्या संबंधाचे विवेचन केले आहे.

सैद्धांतिक आधार :
रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा, लवकर घरी जाता आले व त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. रेचेल व स्टीफन कॅपलान यांनी १९८९ मध्ये याच विषयाची मानसशास्त्रीय मांडणी केली. अध्यापन, उत्तरपत्रिका तपासणी, हिशेब अशा कामांत मन प्रयत्नपूर्वक एकाग्र करावे लागते व ही शक्ती थकते. हलणारी पाने, पक्षी, पाऊस यांकडे लक्ष विनासायास वेधले जाते. त्या अवधीत थकलेल्या एकाग्रतेस विश्रांती मिळते. मिशिगन विद्यापीठातील २००८ च्या प्रयोगात वृक्षोद्यानात फिरून आल्यावर त्याच व्यक्तींनी अंक उलट क्रमाने सांगण्याची चाचणी, शहरी रस्त्यावरून फिरून आल्यानंतरच्या तुलनेत, अधिक चांगली दिली.

एक गैरसमज :
कुंडीतील रोपे खोलीतील हवा शुद्ध करतात, असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचे मूळ नासाच्या १९८९ च्या बंदिस्त पेटीतील प्रयोगांत आहे. २०१९ मधील एका आढाव्याने मात्र हे दाखवून दिले की, सामान्य खोलीत हा परिणाम नगण्य असतो व उघडी खिडकी अधिक उपयोगी ठरते. म्हणून रोपांचे समर्थन मनःस्वास्थ्याच्या आधारे करणे योग्य होय.

अंमलबजावणीच्या दिशा :
१) बाग वापरासाठी खुली असावी. सावलीत बाके ठेवावीत. कुंपण व 'हिरवळीवर चालू नये' हे फलक काढावेत.
२) कर्मचारी कक्षातील टेबलांची मांडणी खिडकीतून झाड दिसेल अशी करावी.
३) गवती चहा, तुळस, कोरफड यांचे लहान वाफे इच्छुकांकडे सोपवावेत. सहभाग ऐच्छिक असावा. सक्तीचे श्रमदान हा आणखी एक ताणच ठरतो.
४) लागवड जूनच्या पावसाबरोबर करावी. एप्रिल-मे मधील पाणीटंचाई लक्षात घेऊन कडुनिंब, बकुळ यांसारख्या वृक्षांना प्राधान्य द्यावे आणि उपाहारगृहातील ओल्या कचऱ्याचे खत वापरावे.

मर्यादा :
रिक्त पदे, अनियमित वेतन किंवा अतिरिक्त कार्यभार यांतून निर्माण होणारा ताण बागेने दूर होत नाही. प्रशासनाने बागेला त्या उपायांचा पर्याय मानू नये. शिवाय माळी हाही संस्थेचा कर्मचारीच आहे. इतरांचा विरंगुळा हे त्याचे उन्हातील काम असते. त्याच्यासाठी सावली, पिण्याचे पाणी व विश्रांतीची वेळ यांची तरतूद प्रथम व्हावयास हवी.

निष्कर्ष :
बागेचे मूल्य तिच्या देखणेपणापेक्षा तिच्या वापरावरून ठरते. दोन तासिकांच्या मधली दहा मिनिटे झाडाखाली बसण्याची मुभा व जागा कर्मचाऱ्यांना असणे, ही अल्प खर्चाची परंतु शास्त्रीय आधार असलेली सुविधा आहे.