सायकस पाम नव्हे, सुरू पाइन नव्हे

नाशिकच्या बंगल्यांपुढे आणि सोसायट्यांच्या फाटकाशी बुटक्या खरखरीत खोडाचा, टोचऱ्या पानांचा जो 'सागो पाम' हमखास दिसतो, तो पाम नाही. त्याच कुंपणालगत वाऱ्यावर सळसळणारा, सुयांसारख्या हिरव्या काड्यांचा सुरू हा पाइनचा भाऊबंद नाही. पहिला सायकस, त्याचं नातं नारळाशी नसून, लांबचं का होईना, पाइनशी आहे. दुसरा मात्र आंब्या-वडासारखाच सपुष्प वनस्पतींतला. झाडाचा चेहरा पाहून त्याचं कुळ ठरवायची आपली सवय इतकी पक्की आहे की दोन्ही ठिकाणी ती सारखीच फसवते. पानांची आणि खोडाची घडण ऊन, पाणी, वारा यांना झाड कसं तोंड देतं हे सांगते. कुळाचा शोध घ्यायचा तर बीजांड कुठे बसलं आहे, हे आधी पाहावं लागतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्राऊनने 1820च्या दशकात नेमक्या याच खुणेवर अनावृत्तबीजी, म्हणजे उघड्या बीजांडाच्या, वनस्पती वेगळ्या काढल्या.

ही खूण नाशिककरांना समजावायला द्राक्ष पुरेसं आहे. द्राक्षाच्या फुलात बीजांड अंडाशयाच्या भिंतीआड असतं. पुढे अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी. थॉमसन सीडलेसमध्ये फलन होतं, पण बीची वाढ लवकरच खुंटते आणि फळ मात्र भरतं. तिथे बीशिवाय फळ, तर सायकसमध्ये फळाशिवाय बी. अंडाशयच नसल्यामुळे सायकसला फळ धरणं शक्य नाही. मादी झाडाच्या शेंड्याशी दिसणारे नारिंगी गोळे म्हणजे थेट बिया. 'अनावृत्त' म्हणजे बीला कवच नाही, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात सायकसच्या बीला बाहेरून मांसल आणि आतून टणक थर असतो. नसते ती फक्त फळाची भिंत.

मग शंकू दिसला की अनावृत्तबीजी, अशी सोपी कसोटी का लावू नये? कारण ती दोन्हीकडून तुटते. सुरूला लहान लाकडी 'शंकू' येतात, पण ती अनेक फुलांपासून झालेली फळांची एकत्र बांधणी असते आणि तिच्या फटींतून पंखधारी फळं बाहेर पडतात. सुरूच्या 'सुया' ओढून पाहाव्यात, त्या सांध्यांवर तुटतात. त्या सांधेदार डहाळ्या आहेत आणि प्रत्येक सांध्याभोवतीचं बारीक दातेरी कडं हीच त्याची खरी पानं. उलट सायकसच्या मादी झाडाला बांधीव शंकू येतच नाही. तिथे लवदार, तपकिरी, पानांसारख्या अवयवांचा सैल झुबका येतो, त्यांच्या कडांवर बीजांडं बसतात, आणि नंतर त्याच शेंड्यातून नवी पानं फुटतात. घट्ट, उभा शंकू येतो तो नर झाडाला. नर आणि मादी झाडं वेगळी असल्यामुळे आसपास नर नसेल तर मादीच्या बिया रुजत नाहीत, जरी परागाविना त्या फुगून भरल्यासारख्या दिसल्या तरी. म्हणूनच बुंध्याशी येणारी पिल्लं काढून लावणं सोपं पडतं. पाइनमध्ये नर आणि मादी शंकू एकाच झाडावर येतात, मोरपंखीतही तसंच. वहीत ठेवलं की 'विद्या' येते म्हणून मुलं जपतात ते मोरपंखीचं पान खरं तर खवल्यांसारख्या बारीक पानांनी झाकलेली चपटी फांदी असते, आणि तिच्या निळसर हिरव्या कोवळ्या शंकूवर शिंगासारखी टोकं असतात. पाइन म्हणजेच देवदार, हाही गैरसमज जाता जाता दूर करायला हवा. देवदाराचे शंकू झाडावरच सुटे होऊन विखुरतात. पाइनचे तसे विखुरत नाहीत.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पाइन आणि सायकस यांत इतका फरक असेल, तर त्यांना एका गटात बसवणं कितपत खरं? फरक मोठा आहे, यात वाद नाही. पाइनच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात आणि तो वाऱ्यावर बीजांडाशी पोचतो. फलन लगेच होत नाही, त्याला सुमारे एक वर्ष लागतं आणि परागनलिका नर युग्मकाला थेट अंडपेशीपर्यंत नेऊन सोडते. सायकसमध्ये परागनलिका मुख्यतः अन्न शोषण्याचं काम करते. शेवटचं अंतर शुक्रपेशी स्वतः पोहून जाते. जपानच्या साकुगोरो हिरासे यांनी 1896 मध्ये गिंको या झाडाच्या आणि त्याच वर्षी सेइचिरो इकेनो यांनी सायकसच्या पोहणाऱ्या शुक्रपेशी दाखवून दिल्या. बी धरणाऱ्या झाडात नेच्यासारखी पोहणारी शुक्रपेशी असावी, हे तेव्हा धक्कादायकच होतं. तरी दोघांचा पाया एक आहे: बीजांड उघडं, आणि भ्रूणाला लागणारं अन्न साठवणारी ऊती फलनाच्या आधीच तयार. सपुष्प वनस्पतींत ती दुहेरी फलनानंतर बनते.

या पोहणाऱ्या शुक्रपेशीमुळेच सायकसला 'डायनासोरच्या काळचं जिवंत जीवाश्म' म्हणण्याचा मोह होतो. वंश तेवढा जुना आहे, हे खरं. पण 2011 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार आजच्या सायकस वर्गातल्या बहुतेक जाती गेल्या सुमारे सव्वा कोटी वर्षांतच फुटल्या. डायनासोर त्याच्या कितीतरी आधी संपले होते. 'सागो' म्हणजे साबुदाणा, म्हणून नावाचा दुसरा गोंधळ उपवासाच्या ताटापर्यंत पोचतो. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, बहुतांशी तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होणारा. त्याचा अंगणातल्या सायकसशी काही संबंध नाही. सायकसच्या बियांत सायकासिन हे विष असतं. लहान मुलं आणि पाळीव कुत्री यांना त्या बियांपासून दूरच ठेवावं.

बाह्यरूपावर विसंबल्याची सर्वांत मोठी चूक मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांचीच. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत चढणारी ग्नेटमची वेल रुंद, जाळीदार शिरांची, समोरासमोर पानं धरते. तिच्या लाकडात सपुष्प वनस्पतींसारख्या वाहिन्या असतात. पिकलेलं बी तर हुबेहूब फळ वाटतं. एवढ्या खुणा एकत्र पाहून ग्नेटम हा सपुष्प वनस्पतींचा सर्वांत जवळचा नातेवाईक, असं अनेकांनी दीर्घकाळ मानलं. 1999-2000च्या सुमारास जनुकांची तुलना झाली, तेव्हा तो शंकूधारी झाडांच्या गोतात, बहुधा पाइनच्याच शेजारी जाऊन बसला. वाहिन्या त्याच्याकडे स्वतंत्रपणे आल्या असाव्यात. बीजांडाकडे पाहिलं की निदान अनावृत्तबीजी हे उत्तर चुकत नाही: त्या लालसर 'फळा'चा काप घेतला तर सगळे थर बीभोवतीच्या आवरणांचे निघतात, अंडाशयाची भिंत त्यांत नसते.